सौरडाग इतक्या लवकर का मोडतात? चुंबकीय क्षेत्र विरुद्ध टर्ब्युलन्स

दुपारचं_ऊन

मे २०२४ मधला सूर्यावरचा एआर १३६६४ हा डागसमूह अनेकांना आठवत असेल. ग्रहणाचा चष्मा लावला की दुर्बिणीशिवाय दिसत होता, पसारा पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरा-सोळा पट. १० मेच्या रात्री लडाखात हान्लेचं आकाश लाल झालं ते याच्याच प्रतापामुळे.

महिन्याच्या सुरुवातीला तो सूर्याच्या पूर्व कडेवरून आत आला तेव्हा त्यात डोळ्यांत भरण्यासारखं काही नव्हतं. पाच तारखेनंतर तीन-चार दिवसांत भराभर वाढला. १४ च्या सुमारास पश्चिम कडेआड गेला. सूर्याच्या पाठीमागून फिरून महिनाअखेरीस परत आला तेव्हा यादीत त्याचं नाव १३६९७ झालं होतं आणि अंगानं चांगलाच उतरला होता.

माझा गोंधळ असा. डाग म्हणजे साठलेलं चुंबकीय क्षेत्र, मध्यभागी ३००० गाउसच्या (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास. पृथ्वीचं अर्धा गाउससुद्धा धड भरत नाही. सौर प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) विजेचा चांगला वाहक, त्यामुळे एवढ्या मोठ्या आकाराचं क्षेत्र नुसत्या विद्युतरोधानं विरायचं तर शेकडो वर्षं लागतील, असा हिशेब काउलिंगनं १९४० च्या दशकातच मांडला होता. प्रत्यक्षात डाग काही दिवस टिकतो, फार तर दोन-तीन महिने. कारण काय, तर म्हणे टर्ब्युलन्स, म्हणजे प्लाझ्माची बेशिस्त खळबळ. बरं. पण त्याच पुस्तकात चार पानं आधी लिहिलेलं असतं की डाग काळा दिसतो कारण तिथलं चुंबकीय क्षेत्र टर्ब्युलन्सला दाबून टाकतं.

मग नक्की कोण कोणाला दाबतंय? जाणकारांनी उजेड पाडावा.

तिरफळ

पहिला! वाचनखूण साठवली आहे. चहा घेऊन बसतो.

प्रयोगवही

चांगला प्रश्न आहे. दोन्ही विधानं खरी आहेत, फक्त जागा वेगवेगळ्या आहेत. आधी आकडे घेऊ, मग भांडण आपोआप मिटेल.

सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग म्हणजे खालून वर येणाऱ्या तप्त वायूचे बुडबुडे. यांना ग्रॅन्यूल म्हणतात. एकेक साधारण १००० किलोमीटरचा, आयुष्य आठ-दहा मिनिटं, वेग सेकंदाला एक-दोन किलोमीटर. तिथला वायू आपल्या हवेपेक्षा काही हजार पट विरळ. या हालचालीत जेवढी ऊर्जा आहे तेवढीच ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात हवी असेल तर क्षेत्र किती लागेल? सुमारे ४०० गाउस. ही सीमारेषा समजा. क्षेत्र याहून बरंच कमी असेल तर प्लाझ्मा मालक आणि बलरेषा त्याच्यामागे फरफटत जाणार. बरंच जास्त असेल तर उलट.

डागाच्या गाभ्यात ३००० गाउस. ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सीमारेषेच्या पन्नासेक पट. तिथे बुडबुड्यांची काय बिशाद! अभिसरण (तप्त वायू वर, थंड वायू खाली हे चक्र) दबतं, खालची उष्णता वर पोचत नाही, बाहेर ५८०० केल्विन असताना गाभा ४००० च्या आसपास राहतो. ही कल्पना बीअरमननं १९४१ मध्ये मांडली. उभं चुंबकीय क्षेत्र अभिसरण कसं आणि किती रोखतं याचं नेटकं गणित पुढे आपल्या चंद्रशेखर यांनी केलं. या गणितातल्या मुख्य संख्येला आजही चंद्रशेखर संख्या म्हणतात.

आणि डागाच्या बाहेर? तिथे क्षेत्र दुबळं, खळबळ जोरात. म्हणजे गाभ्यात चुंबकीय क्षेत्राचं राज्य, बाहेर टर्ब्युलन्सचं. मारामारी होते ती सीमेवर, आणि डाग मोडतो तोही तिथूनच.

दुपारचं_ऊन

सीमेचं कळलं. पण शेकडो वर्षांचे काही दिवस, एवढा फरक नुसत्या कडेच्या कुरतडण्यानं पडतो?

प्रयोगवही

पडतो. कागदावर करून बघा. पसरण्याचा काळ म्हणजे आकाराचा वर्ग भागिले विसरण गुणांक (क्षेत्र किती झपाट्यानं पसरतं ते सांगणारा आकडा). १०,००० किलोमीटर त्रिज्येचा मध्यम डाग घ्या, वर्ग झाला १० कोटी. प्लाझ्माच्या विद्युतरोधातून येणारा गुणांक सेकंदाला चौरस किलोमीटरच्या शतांशाएवढा. भागाकार केला की १००० कोटी सेकंद, म्हणजे ३०० वर्षं.

आता टर्ब्युलन्स. इथे गुणांक येतो भोवऱ्यांचा वेग गुणिले त्यांचा आकार भागिले तीन. १ किलोमीटर प्रति सेकंद, १००० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३००. भागाकार साडेतीन लाख सेकंदांच्या आत, चार दिवस.

आता निरीक्षण काय सांगतं बघा. ग्नेव्हिशेव्ह आणि वाल्डमायर यांचा जुना नियम आहे: डागाचं कमाल क्षेत्रफळ सूर्याच्या दृश्य गोलार्धाच्या दशलक्षांशांत मोजा, त्याला दहानं भागा, तेवढे दिवस आयुष्य. आपला १०,००० किलोमीटरवाला डाग बरोबर १०० दशलक्षांश भरतो, म्हणजे दहा दिवस. गणित म्हणतं चार, सूर्य म्हणतो दहा. पाठीवरच्या हिशेबाला हे फार छान जुळणं झालं, कारण ३०० हा गुणांक आपण मोकळ्या पृष्ठभागाचा वापरला. डागात खळबळ दबलेली असते, म्हणजे गुणांक कमी आणि आयुष्य जास्त. फरक ज्या बाजूला पडायला हवा त्याच बाजूला पडलाय.

ऊनसावली

टर्ब्युलन्समुळे क्षेत्र नष्ट होतं की नुसतं पसरतं? विद्युतरोध तर तेवढाच राहिला ना.

प्रयोगवही

नेमका मुद्दा काढलात. टर्ब्युलन्स स्वतः काही नष्ट करत नाही. बलरेषा ताणतो, दुमडतो, बारीक बारीक करतो. आकार लहान झाला की वर्गाच्या नियमानं विद्युतरोधाचं काम झपाट्यानं सोपं होतं. शिवाय उलट दिशेची क्षेत्रं एकमेकांशेजारी येऊन पडतात आणि एकमेकांना खोडतात. जे उरतं ते पृष्ठभागावर लांब लांब विखुरतं.

तिरफळ

मला बुवा असं दिसतंय: भात उकळताना फेस टोपाच्या कडेला आणि बुडबुड्यांच्या फटींत जमतो, मध्ये नाही. बलरेषा म्हणजे फेस. चुकत असेल तर कान पकडा.

प्रयोगवही

अर्ध्या वाटेपर्यंत चालेल. ग्रॅन्यूलच्या मध्यातून वायू वर येतो, बाजूला पसरतो आणि फटींतून खाली जातो. दुबळ्या बलरेषा त्याच्याबरोबर वाहून फटींत गोळा होतात. हे पार्करनं १९६३ मध्ये दाखवलं आणि वाइसनं १९६६ मध्ये संगणकावर करून पाहिलं. म्हणजे जो टर्ब्युलन्स डाग मोडतो, तोच विखुरलेलं क्षेत्र वेचून घट्ट दोऱ्या वळतो. पण फेस निमूट पडून राहतो, बलरेषा राहत नाहीत. पुरेशा दाटल्या की त्या वायूला उलटा धक्का देतात. शिवाय फटीतला वायू थंड होऊन खाली घसरला की नळी आतून रिकामी होते, बाहेरचा दाब तिला आणखी आवळतो आणि क्षेत्र ४०० ची रेषा ओलांडून हजार-दीड हजार गाउसवर जातं.

सह्यवेडा

एक बाळबोध शंका. ३००० गाउसचा चुंबकीय दाब केवढा? बाजूला ढकलून डाग फुटत कसा नाही?

प्रयोगवही

बाळबोध अजिबात नाही. तो दाब भरतो आपल्या वातावरणाच्या दाबाच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त. आणि सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर वायूचा दाब असतो वातावरणाच्या एक दशांश. म्हणजे तुमच्या हिशेबानं डाग फुटायलाच हवा.

सुटका अशी की डागातला वायू थंड, विरळ आणि जास्त पारदर्शक असतो, त्यामुळे आपली नजर आत खोल जाते. डागाचा दिसणारा तळ भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा ५०० ते ७०० किलोमीटर खाली असतो. त्या खोलीवर बाहेरच्या वायूचा दाब बराच वाढलेला असतो आणि तो डागाला आवळून धरतो. ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सननं १७६९ मध्ये पाहिलं होतं की डाग सूर्याच्या कडेशी जाताना बशीसारखा खोलगट दिसतो. चुंबकीय क्षेत्राचा पत्ता लागायला त्यानंतर १३९ वर्षं जायची होती.

अलिबागी_पांढरा_कांदा

अवांतर: १८५९ च्या सप्टेंबरातल्या कॅरिंग्टन सौरवादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं. मे २०२४ च्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास गेला. दोन आकडे एकाच पद्धतीचे नाहीत, तरी अंदाज येतो. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमापं बिघडतील म्हणून वेधशाळा आमच्या अलिबागला हलवली, १९०४ पासून तिथेच आहे. लोक किल्ला बघतात, मासे खातात आणि परत जातात.

(अवांतर समाप्त.)

बोल्डरकर

उशिरा आलो, इकडे सकाळ झाली. मी सौरभौतिकीवाला नाही, द्रवगतिकीची आकडेमोड करून पोट भरतो. आमच्या गावातल्या, अमेरिकेतल्या बोल्डरच्या, हाय अल्टिट्यूड ऑब्झर्व्हेटरीच्या रेम्पेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये संगणकात अख्खा डाग उभा केला होता, गाभा, भोवतालची रेषाळ पेनंब्रा, सगळ्यासकट. त्याची चलचित्रं हातातलं काम बाजूला ठेवून बघावीत अशी आहेत.

त्यात आणि सूर्य बघणाऱ्या हिनोदे उपग्रहाच्या चित्रफितींत एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. पेनंब्राच्या बाहेरच्या काठाला बारीक ठिपके सुटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा तुकडा. डागाभोवती मोकळा पट्टा असतो, त्यात बाहेरच्या दिशेनं सेकंदाला अर्धा ते एक किलोमीटर वेगानं प्रवाह चालू असतो. ठिपके त्यावरून वाहत जातात, चुंबकीय नकाशात काही काळे, काही पांढरे. म्हणजे दोन्ही ध्रुवांचे, आणि हेच सगळ्यात गमतीचं आहे. वाटेत काही काळे-पांढरे भिडून गायब होतात. उरलेले काही तासांत पट्ट्याच्या बाहेरच्या सीमेवर पोचतात आणि तिथल्या विखुरलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या जाळ्यात मिसळतात. डाग अखंड दिसत असतो, पण त्याच्या अंगाचे तुकडे सतत बाहेर जात असतात. काही वेळा आतल्या बाजूनं उजळ भेग शिरते, डागाचे दोन भाग होतात, मग काम आणखी लवकर आटोपतं.

धुरकट

संगणकात डाग उभा केला म्हणजे काय केलं? सूर्याचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळीचा ते सांगणारी संख्या) १०^१२ च्या घरात. तुमचे महासंगणक त्याच्या जवळपास तरी फिरकतात का? हवा तसा डाग काढता येईल असे गुणांक निवडायचे आणि मग म्हणायचं, बघा, जमलं.

बोल्डरकर

@धुरकट, टोमणा रास्त आहे. कोणीही तिथे पोचलेलं नाही. जाळीच्या चौकटीपेक्षा लहान भोवऱ्यांचा परिणाम अंदाजानंच घालावा लागतो. त्या २००९ च्या डागात तर सुरुवातीलाच चुंबकीय क्षेत्राचा खांब आयता उभा केलेला होता, डाग जन्मतो कसा हा प्रश्न तिथे सोडवलेलाच नाही. पण मोठ्या भोवऱ्यांत ऊर्जा असते आणि ते जाळीत नीट बसतात. ग्रॅन्यूलचे आकार, वेग, आयुष्य, वर्णरेषांचे आकार हे सगळं निरीक्षणाशी जुळतं, आणि त्यासाठी खुंट्या पिळाव्या लागत नाहीत. डागाच्या गाभ्यातले उजळ ठिपके तर न मागता उगवले. गाभ्यात अभिसरण दबतं, मरत नाही. अरुंद फटींतून तप्त वायूचे फवारे वर घुसतात, त्यांचे हे ठिपके, जेमतेम ३०० किलोमीटरचे.

प्रयोगवही

त्या ठिपक्यांबद्दल एक पुरवणी. बंगळुरूच्या अर्णब राय चौधुरी यांनी १९८६ मध्ये असंच चित्र मांडलं होतं: डाग खाली अनेक नळ्यांत विभागलेला, मधल्या फटींत वायू अडकलेला, आणि तो जोर करून वर आला की उजळ ठिपका. मूळ नळ्यांच्या जुडग्याची कल्पना त्यांचे गुरू पार्कर यांची. आजच्या सिम्युलेशनांत नळ्या तशा सुट्या दिसत नाहीत, पण वर घुसणारा वायू दिसतो.

आणि पेनंब्रातून सेकंदाला काही किलोमीटर वेगानं बाहेर जाणारा प्रवाह कोणी शोधला? जॉन एव्हरशेड, जानेवारी १९०९, कोडाईकनाल. हेलनं माउंट विल्सनवर डागांतलं चुंबकीय क्षेत्र ओळखलं १९०८ मध्ये, त्याला वर्षही झालं नव्हतं. एव्हरशेडना वर्णरेषा किंचित सरकलेल्या दिसल्या, त्यावरून त्यांनी प्रवाह ओळखला. तो का वाहतो यावर लोक शंभर वर्षं भांडले. हल्लीचं उत्तर असं की आडव्या झुकलेल्या क्षेत्रात अडकलेलं अभिसरणच ते, क्षेत्रामुळे एका दिशेला ओढलं गेलेलं.

ऊनसावली

जन्माचं राहिलंच. मोडतो टर्ब्युलन्स, हे पटलं. जमवतो कोण?

बोल्डरकर

इथे दोन घराणी आहेत. जुनं घराणं म्हणतं, क्षेत्र खूप खोल, अभिसरण थराच्या तळाशी, पृष्ठभागाखाली २ लाख किलोमीटरवर तयार होतं, तिथून नळी सुटून वर तरंगत येते आणि जिथे पृष्ठभाग फोडते तिथे डागांची जोडी. दुसरं घराणं म्हणतं, कशाला एवढ्या खोलात जाता, डाग वरच्या थरातच वळला जातो आणि वळणारा टर्ब्युलन्सच असतो.

दुसऱ्यांची यंत्रणा उलटसुलट वाटते पण सुंदर आहे. खळबळीचाही एक दाब असतो, भोवरे सगळ्या बाजूंना ढकलतात. त्यात दुबळं चुंबकीय क्षेत्र घाला. त्याचा स्वतःचा दाब थोडा वाढला, पण त्यानं भोवऱ्यांना जे दाबलं त्यामुळे खळबळीचा दाब त्याहून जास्त घटला. एकूण दाब कमी झाला. मग बाहेरचा वायू आत दाबतो, क्षेत्र दाटतं, दाब आणखी घटतो. क्लीओरिन आणि रोगाचेव्स्की यांनी हे गणित १९९० च्या आसपास मांडलं, ब्रँडनबर्ग यांच्या गटाला २०११ मध्ये सिम्युलेशनमध्ये ते घडताना दिसलं.

धुरकट

आणि खऱ्या सूर्यावर?

बोल्डरकर

तिथेच घोडं अडतं. सिम्युलेशनमध्ये भोवरे कृत्रिमरीत्या ढवळलेले होते आणि दाटलेल्या क्षेत्राच्या गाठीच्या मानानं खूप लहान होते. खऱ्यासारखं अभिसरण घातलं की परिणाम मंदावतो. दाटलेलं क्षेत्रही सीमारेषेच्या आसपास थांबतं, ३००० गाउसवर जायला आणखी काहीतरी लागतं. माझं मत विचाराल तर खालून वर आलेल्या क्षेत्राला टर्ब्युलन्स गोळा करतो, हे मिश्रण खरं निघेल. एआर १३६६४ मध्येही आधीच्या डागांच्या शेजारी नवं क्षेत्र खालून लागोपाठ वर येत होतं, त्यामुळेच तो इतका गुंतागुंतीचा झाला. पण मे २०२४ मध्येच नेचरमध्ये वासिल आणि सहकाऱ्यांचा लेख आला की अख्खा सौर डायनॅमोच (सूर्याचं चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी यंत्रणा) वरच्या पाच-दहा टक्के थरात असावा. म्हणजे जुन्या घराण्याच्या पायाखालचा गालिचाही हलतोय.

सह्यवेडा

आदित्य-एल१ यानावर आपल्या पुण्याच्या आयुकाचं सूट हे दुर्बीण-उपकरण आहे. त्याला हे दिसेल?

प्रयोगवही

सूट अतिनील किरणांत, २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये, पूर्ण सूर्यबिंब बघतं. डागाभोवतालचे उजळ पट्टे आणि ज्वाळा त्यात उत्तम दिसतात. चुंबकीय क्षेत्र ते थेट मोजत नाही, आणि ठिपके सुटे दिसण्याइतकं बारीकही बघत नाही. क्षेत्राचे नकाशे नासाच्या एसडीओ उपग्रहाकडून मिळतात, ४५ सेकंदांना एक. फार बारीक बघायचं तर हवाईतली ४ मीटरची इनोये दुर्बीण, किंवा आपल्याकडे उदयपूरची ५० सेंटीमीटरची. उदयपूरची वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे. भोवती पाणी असलं की जमीन तापून उठणारी हवेची खळबळ कमी होते, प्रतिमा थरथरत नाही. सूर्यावरचा टर्ब्युलन्स बघायचा तर आधी आपला आवरायला लागतो.

दुपारचं_ऊन

सगळ्यांचे मनापासून आभार. एक उरलं: ते विखुरलेले तुकडे शेवटी जातात कुठे? जाळ्यात मिसळले, पुढे?

प्रयोगवही

बहुतेक विरुद्ध ध्रुवाच्या तुकड्यांशी भिडून संपतात. थोडे सुपरग्रॅन्यूलच्या (ग्रॅन्यूलहून कितीतरी मोठ्या प्रवाहांच्या) धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटत राहतात. ही भरकट १९६४ मध्ये लेटननं गणितात बसवली. डागांच्या जोडीतला मागचा डाग विषुववृत्तापासून जरा दूर असतो, म्हणून त्याचे तुकडे ध्रुवाकडे जास्त सरकतात, तिकडे वाहणारा संथ प्रवाह त्यांना हात देतो. काही वर्षांत ध्रुवावरचं जुनं क्षेत्र खोडलं जाऊन उलटं तयार होतं आणि त्यातून पुढचं अकरा वर्षांचं चक्र पेरलं जातं. डाग जसेच्या तसे टिकले असते तर हे पोचलंच नसतं.

खडू_डस्टर

नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. यातलं मुलांना करता येईल असं काही आहे का? शाळेत दुर्बीण नाही, इंटरनेट आहे.

प्रयोगवही

आहे की सर. एसडीओची रोजची पांढऱ्या प्रकाशातली चित्रं फुकट मिळतात. समूह नको, एकच गोलसर, सुटा, पुरता वाढलेला डाग निवडा. रोज एकाच वेळचं चित्र छापा, त्यावर पारदर्शक आलेख कागद ठेवून चौकोन मोजा. पेनंब्रासकट मोजा. डाग कडेकडे गेला की चपटा दिसतो, म्हणून बिंबाच्या मध्यापासूनचं अंतर बिंबाच्या त्रिज्येनं भागा, तो झाला साइन. त्यावरून कोसाइन काढा आणि मोजलेल्या क्षेत्रफळाला त्यानं भागा. ६० अंशांपलीकडची मोजमापं टाकून द्या, तिथे चूक फार येते.

मग दोन आलेख काढा: एक क्षेत्रफळाचा, एक क्षेत्रफळाच्या वर्गमुळाचा, दोन्ही दिवसांसमोर. खळबळ डागाच्या सगळ्या अंगात सारखी काम करत असेल तर क्षेत्रफळ रोज सारखंच घटतं, पहिला आलेख सरळ येतो. ती फक्त कडा खात असेल तर घट परिघाच्या प्रमाणात होते आणि दुसरा सरळ येतो. १९७४ मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी पहिली बाजू मांडली होती, १९९७ मध्ये पेट्रोवाय आणि मोरेनो-इन्सेर्टिस यांनी दुसरी. एका डागावर निकाल लागणार नाही, वर्गाच्या चार गटांना चार डाग द्या.

खडू_डस्टर

जमेल. कोसाइनची कोष्टकं आहेतच शाळेत. ढग असले तरी अडचण नाही हे बरं, पावसाळ्यात सुरू करतो.

तिरफळ

सर, आलेख इथेच डकवा. आणि तो फेस अर्ध्या वाटेपर्यंत तरी चालला, एवढं माझ्या नावावर लिहून ठेवा.